दाराची मोहीम आणि पायांविना गादी

॥ श्रीग्रामदेवता प्रसन्न ॥ शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरे, पौषमासी, एके संस्थानी (नाव सांगत नाही, आम्हांस तेथेच राहावयाचे आहे) भामाबाईसाहेब गादीवर आल्या, ती हकीकत ऐसीजे. गादी बाईमाणसास राखीव जाहली म्हणोन यजमान दगडोजीरावांनी त्यांस उभे केले, आणि निवडून आल्या भामाबाई, हार घातला तो दगडोजीरावांस, आणि रयत सरपंच म्हणे तेही त्यांसच. मग संस्थानात बायकांचे शौचकूप बांधिले, आणि त्याचे दार नेमके पाराकडे ठेविले, आणि पारावर तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थोर मंडळी तंबाखू मळीत बसावयाची. तेव्हा बाईमाणूस आत जाईल कैसे? एकही गेली नाही. सगळ्या अंधार पडण्याची वाट पाहत, आणि भामाबाईंच्या चुलतसासू बयोबाई, वय सत्तर, त्या तर धसक्याने दिवसा पाण्याचा घोटही घेत नसत. हे पाहून भामाबाईंचा जीव तुटे. दार फिरवावे, हा एकच मनसुबा त्यांनी धरिला.

मग सभा भरविली, आणि पुरुष मंडळी खुर्च्यांवर व बायका भुईवर बसल्या, आणि भामाबाई गादीच्या खुर्चीवर टेकणार तोच चुलतसासरे तात्याबा खाकरले आणि बोलते जाहले, "सूनबाई, सासऱ्यापुढं उंच बसायची रीत हाय का आपल्यात?" रीत नव्हती. मग गेनू सुतारास पाचारिले आणि खुर्चीचे पाय बोटभर कापविले. मग थोरले दीर रुसले, म्हणाले, "अन् आमचा मान?" मग आणखी बोटभर. गाव सगळे एका भावकीचे, ज्यास पाहावे तो सासरा नाही तर थोरला दीर, आणि दोघांचा मान राखिता राखिता दिवस मावळे आणि दाराचा विषय तहकूब होई. त्यात गेनूच्या हातून खुर्चीचा एक पाय हटकून आखूड कापला जाई, आणि तो सम करिता बाकीचे तीन झिजत. ऐशा सात सभा जाहल्या. सातव्या सभेस पाय संपले, नुसता पाट राहिला, तो भुईस टेकला. तात्याबा प्रसन्न होऊन म्हणाले, "आता कसं शोभतंय."

मग भामाबाई त्या पाटावर मांडी घालून बसल्या, आणि पदर सावरून ग्रामसेवकास म्हणाल्या, "भाऊसाहेब, मामंजींच्या कारकिर्दीतला तो बसण्याचा ठराव वाचा जरा." हा ठराव खुद्द तात्याबांनी, स्वतः सरपंच असता, विरोधकांची जिरवावयास केलेला, की गादीहून उंच जो बसेल त्यास बोलण्याचा व हात वर करण्याचा हक्क नाही. भाऊसाहेबांनी वाचिला. थोर मंडळी तर सारी खुर्च्यांवर! खाली उतरावे तर सुनांच्या पंगतीस बसावे लागे, वर राहावे तर तोंडास कुलूप. दगडोजीराव तरातरा उठून उभे राहिले, ते सगळ्यांहूनच उंच जाहले.

"बसून घ्या, धनी," भामाबाई म्हणाल्या. "उभा माणूस तर खुर्चीवाल्याहूनबी उंच."

मग त्यांनी दाराचा विषय मांडिला, आणि भुईवरून सत्तेचाळीस हात बांगड्यांसकट वर गेले. तात्याबांनी तोंड उघडिले, भाऊसाहेबांनी ठरावावर बोट ठेविले, तात्याबांनी तोंड मिटिले.

मग गेनूने चौकट उखडून मागल्या भिंतीत बसविली, आणि पाराकडे कोरी भिंत राहिली, तिजकडे पाहत मंडळी तंबाखू मळू लागली.

येणेप्रमाणे दाराची मोहीम फत्ते जाहली. नवी खुर्ची आणावी असे दगडोजीरावांनी सुचविले, ते भामाबाईंनी नामंजूर केले. आणि दार फिरले त्याच दिवशी टळटळीत दुपारी बयोबाई उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "भामे, तांब्याभर पाणी दे गं," आणि उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा करत्या जाहल्या.