मुनीरचा सहाशे तीन

मुनीर मुलाणीला ‘चहा घेणार का?’ विचारलं, की तो ‘दोनशे’ म्हणतो. नको असेल तर ‘सहाशे तीन’. कऱ्हाटीचा हा पन्नाशीचा बाप्या आमच्या साखर कारखान्याचे फोन सांभाळतो आणि शेतकी विभागात माझ्यासमोर बसतो. माझं नशीब.

कारखान्यात इंटरनेटवरचे फोन आले आणि याला हे खूळ लागलं. या फोनवरून नंबर लावला, की यंत्र तीन आकडी उत्तर देतं आणि ते मुनीरच्या पडद्यावर उमटतं. एकशे ऐंशी म्हणजे घंटी वाजतेय. दोनशे म्हणजे उचलला. चारशे चार म्हणजे असा नंबरच नाही. सहाशे तीन म्हणजे समोरच्यानं नाकारला. आपल्याला ‘लागत नाही’ एवढं कळलं तरी पुरतं. मुनीरला पुरत नाही.

एकदा लासुर्ण्याचे एक तात्या ऊसतोडीची तारीख विचारायला आले. “तुमचा फोनच लागंना,” म्हणाले.

“आकडा किती आला, तात्या?”

“कसला आकडा? आरं, फोन लावला मी, लॉटरी न्हाय!”

मी मुनीरला म्हटलं, “माणसांशी माणसासारखं बोला.”

“माणूस खोटं बोलतो, म्याडम. कोड बोलत न्हाय.”

या शहाण्याचा थोरला भाऊ, रज्जाकभाई, आमच्याच उसाच्या वजनकाट्यावर होते. खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, नजमाचं लग्न झालं. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत मुनीरचं नाव राहिलं. छापणाऱ्याची चूक, पण हा लग्नाला गेला नाही. सख्खी पुतणी, अंगाखांद्यावर खेळवलेली! कारखान्यातला प्रत्येक फोन यानं बसवला. काट्यावरचा तेवढा दुसऱ्याला बसवायला लावला.

आणि तरी रोज चार वाजता हा तिथं फोन लावायचा. मोबाइलवरून नाही, तिथं मान आडवा येतो. टेबलावरचा फोन म्हणजे ऑफिसचं काम.

रोज सहाशे तीन.

“एकशे ऐंशी येतच न्हाय बघा. घंटी वाजायच्या आत कापतो. एवढा राग!”

“मग चालत जा.”

“बोलावल्याबिगर?”

रज्जाकभाई महिनाअखेरीला निवृत्त होऊन इंदापूरला नजमाकडं राहायला जाणार होते. त्यांचा फोनही काढून टाकायचा होता. “मग चारशे चार,” मुनीर म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात वजनाच्या पावत्यांसाठी मीच काट्यावर गेले. टेबलावरच्या फोनवर धूळ, आणि लाल दिवा लागलेला. ‘कॉल नको’चं बटण दाबलेलं. ते दाबलं, की यंत्र येणारा प्रत्येक कॉल आपणहून नाकारतं.

“हे कधीपासून?”

“बसवला तवापासून,” रज्जाकभाई म्हणाले. “पहिल्याच दिवशी सारखा वाजाया लागला. कायतरी दाबलं, गप झाला. आमचं काम मोबाइलवर चालतं.” मग पावत्या मोजता मोजता म्हणाले, “मी चाललोय ते धाकट्याला ठावं असंल. त्याचा फोन न्हाय आला.”

मी बटण पुन्हा दाबून दिवा घालवला. दोन वर्षं हा तज्ज्ञ एका बटणाचा राग वाचत बसला होता! सांगितलं असतं, तर त्यानं मला आणखी चार आकडे शिकवले असते. सांगितलंच नाही.

चार वाजता त्यानं फोन लावला आणि ताडकन उभा राहिला.

“म्याडम! घंटी वाजतीय!”

“वाजू द्या की.”

पलीकडून आवाज आला, “कोण?” मुनीरनं रिसीव्हर माझ्यापुढं धरला. मी हात मागं घेतले.

“भाई... मी हाय.”

मुनीरनं पडद्यावरचा दोनशे एकदा बघून घेतला.

“नजमा सुखात हाय का?”

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मुनीरनं खुर्ची भिंतीकडं फिरवली. मी विभागातल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि जाताना दार ओढून घेतलं.