पायांपासून वर

माझी बायको सुमन गेली तो मंगळवार होता. अकरा वाजता तिला नेलं. तीनपर्यंत माणसं पांगली. चार वाजता भिंतीतून थाप ऐकू आली.

थप. थप. थप. आधी जमिनीलगत, मग हातभर वर. मधे ती थांबायची, पलीकडून कोणी कान देऊन ऐकत असावं तशी. सुमनची खाट त्याच भिंतीला लागून होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता. तिसऱ्या दिवशीही. मी कॉलेजात ग्रंथपाल. भुतांची पुस्तकं मी फक्त कपाटात लावलेली. पण चार वाजत आले की माझी छाती आवळायची, बोटांना मुंग्या यायच्या, श्वास गळ्याशीच परत फिरायचा. आधी थाप की आधी भीती, ते कळेना. रजा संपत आली होती आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नव्हतं.

भिंतीपलीकडे देवरे आप्पा राहत. संशय त्यांच्यावर जायला हवा होता. गेला नाही, कारण आप्पांची थाप आमच्या नाशिकरोडच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होती आणि ती त्यांच्या स्वतःच्या अंगावर पडायची.

आप्पा मूळचे नामपूरचे, बोलण्यात मधूनच अहिराणी यायची. रेल्वेत मनमाडकडे चावीवाले होते. रोज हातोडी घेऊन मैलोगणती चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकायच्या, आवाजावरून ढिली कोणती ते ओळखायचं. निवृत्तीनंतर हातोडी गेली, मूठ राहिली. बँकेच्या रांगेत ते चपला काढून गार फरशीवर उभे राहत आणि पोटऱ्या, मांड्या, छाती असं ठोकत वर येत. कॅशियरने एकदा विचारलं, "आप्पा, काही हरवलं का?"

"भीती चढत होती. गुडघ्यावर अडवली."

"पण भीती कशाची?"

"ते डोक्याला माहीत. डोकं लबाड शे. पायले विचारा."

एकदा त्यांनी सोसायटीचा खांब सहज ठोकून पाहिला आणि कान लावून "हं" म्हणाले. तेवढ्यावर तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब दोन दिवस सासुरवाडीला राहून आलं. चेअरमन तणतणत आले तेव्हा आप्पा म्हणाले, "खांब मजबूत शे. माणसं तेवढी ढिली."

आठव्या दिवशी चारला थाप सुरू झाली आणि मी घरात थांबूच शकलो नाही. अनवाणी बाहेर पडलो. आप्पांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ते आमच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. डोळे मिटलेले. पाठ भिंतीवर आपटत होते. थप. थप. मग थोडं उठून, थोडं वर. गालांवर घाम होता.

"आप्पा!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिलं. "सर, तुमचे पाय कापताहेत. आधी टाचा टेका. जोरात. आता पोटऱ्या ठोका. वर या. घाई नको."

मी ठोकत राहिलो. मांड्यांपर्यंत आलो तेव्हा श्वास खाली उतरला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"रेल्वेच्या गँगमधली रीत. रुळावर माणूस कटलेला सापडला, की ज्याला सापडला त्याला रुळाखालच्या स्लीपरवर बसवायचं आणि सगळ्यांनी मिळून ठोकायचं. पाय त्याचे परत येईपर्यंत. मला सात वेळा सापडला. सातही वेळा चारच्या सुमारास." त्यांनी मूठ खांद्यावरून मागे नेऊन दाखवली. "बाकी अंग माझं मी ठोकतो. पाठीपर्यंत हात जात नाही."

"मग इतकी वर्षं?"

आप्पांनी मान खाली घातली. "सुमनताई यायच्या. तुम्ही कॉलेजात असायचे. लाटणं आणायच्या. हात लावायला त्यांनाही संकोच, मलाही. दहा मिनिटं पाठ ठोकायच्या, चहा पिऊन जायच्या. त्या मंगळवारपासून कोणी नही. म्हणून भिंत."

सुमनने हे कधी सांगितलं नव्हतं.

"त्याही भ्यायच्या, सर. तपासणीचा कागद आल्यापासून. मग मी इथं उभा राहून सांगायचो आणि त्या आपले पाय ठोकायच्या. तुम्हाला सांगा म्हटलं, तर हसल्या. म्हणाल्या, यांना सांगितलं तर हे पुस्तकात शोधत बसतील."

ते खरं होतं. मी शोधत बसलो असतो.

मी घरी जाऊन लाटणं आणलं. आप्पा पाठमोरे बसले. पहिले दोनतीन ठोके मी फार हळू मारले.

"ताई जोरात मारायच्या," ते म्हणाले.

पुढे चार वर्षं, सुटीच्या दिवशी चारला आणि एरवी कॉलेजातून आल्यावर, मी त्यांची पाठ ठोकली आणि त्यांनी माझी. मग मुलगी त्यांना सटाण्याला घेऊन गेली. लाटणं मी त्यांच्या पिशवीत घातलं.

पलीकडच्या घरात आता एक जोडपं आणि त्यांचा टीव्ही आहे. माझी छाती अजून कधी कधी आवळते. मी चपला काढतो, टाचा टेकतो, पोटऱ्यांपासून सुरुवात करून छातीपर्यंत येतो. पाठ तेवढी राहते.