बैठकीला कोण होतं?

नाशिकच्या द्वारका चौकात एखादं वळण बंद केलेलं दिसलं की देवरे सर रिक्षातून उतरतात आणि थेट पोलिसाला विचारतात, "हे कोणी ठरवलं? बैठकीला कोण होतं?" मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि शेजारधर्म म्हणून सोबत निघालेलो मी रिक्षात तोंड लपवून.

सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सरकारी योजना कशा जन्मतात आणि कोण त्यांचा गळा दाबतं, यात त्यांची हयात गेली. आश्रमशाळेतल्या पोरांच्या ताटातल्या अंड्याचं केळं कुठल्या बैठकीत झालं, यावर त्यांची पीएच.डी. आहे. लग्नाला गेले तरी मेनू ठरवताना नवरीला विचारलं होतं का, याची चौकशी करतात. अशा माणसाला बोलावणार कोण?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत ठराव आला: कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. का, तर लिफ्टला वास येतो! या साहेबलोकांची उष्टी भांडी घासून येणारा वास तो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडण्याआधीच सर उठले.

"बाया कुठे आहेत?"

"कुठल्या बाया?" अध्यक्ष म्हणाले.

"ज्यांनी पाच मजले चढायचे त्या! हाई काय चाली ऱ्हायनं?" सर मूळचे सटाण्याचे, राग अनावर झाला की अहिराणीवर येतात.

ते तरातरा गेले आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या सरलाबाईंना घेऊन आले. त्यांना खुर्ची द्यायचं कुणाला सुचेना. सरांनी स्वतःची दिली.

"गुडघे लय दुखत्यात," सरलाबाई म्हणाल्या. "पण आमाला कोण इचारतं?"

मग सर असे कडाडले की ठराव जागीच बारगळला. "पुढच्या बैठकीला हा माणूस नको," अध्यक्ष पुटपुटले. निर्लज्ज कुठले!

दुसऱ्या दिवशी सरांची पाठ थोपटायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. पलंगावर देवरे काकू. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली आहे. "आईला आता काय कळतंय बाबा? करा काहीही," असं मुलगा फोनवर सांगतो.

सर पलंगाशी बसले होते. एका हातात दोडका, दुसऱ्यात गिलकं.

"घाई नाही गं," ते म्हणत होते. "तू सांग."

इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. बऱ्याच वेळानं काकूंनी दोन्ही भाज्यांवरून नजर फिरवली आणि मान हलवली. नाही.

"दोन्ही नको? बरं, बरं," सर म्हणाले. डोळे पुसले, पिशवी उचलली आणि पुन्हा बाजाराला निघाले.