बांधाची मोजणी

अमरसिंह मास्तरांची नात शाळेत जात नव्हती, आणि मास्तरांना याची चारचौघांत लाज वाटत होती. अडतीस वर्षं त्यांनी नेसरीकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवलं होतं, शेवटची काही वर्षं हेडमास्तरही झाले होते. गुरांमागं जाणारी चार गावांची पोरं त्यांनी कान धरून वर्गात आणून बसवली होती. आणि इकडे कोल्हापुरात त्यांच्याच सुनेनं, अनुजानं, नऊ वर्षांच्या संयोगिताला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं होतं. घरी म्हणायचं ते नावाला. मायलेकी आठवड्यातले चार दिवस उन्हातान्हात, कधी रंकाळ्यावर पाखरं मोजत, तर कधी पंचगंगेच्या काठावर चिखलात बसून. गावात कुणी "नात कितवीत हाय, मास्तर?" असं विचारलं की मास्तर घाईघाईनं हवापाण्याचा विषय काढत.

फेब्रुवारीत ते कोल्हापूरला आले आणि जेवता जेवता त्यांनी फर्मान काढलं. "एक दिस मी संगट येतो. काय शिकवतीस ते बघतो. पटलं तर माझं तोंड बंद. न्हाय पटलं तर जूनला पोरगी शाळेत. युनिफॉर्म मी घेतो."

त्यांचा मुलगा विश्वजित लहानपणी वडलांच्याच वर्गात होता, आणि ती धास्ती अजून त्याच्या अंगातून गेली नव्हती. सगळ्यांच्या वतीनं त्यानं "व्हय आबा" म्हणून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला पसार झाला. अनुजाला त्याचा राग आला. एक दिवस बिघडला की दोन वर्षांची मेहनत गेली, हे तिला कळत होतं.

आबांचा विषय गणित, म्हणून तिनं क्षेत्रफळ निवडलं. जागाही हेरलेली होती. कागलच्या पुढे, हायवेपासून आत, ऊस तुटून गेलेली दोन रानं शेजारी शेजारी होती आणि त्यांच्यामध्ये एक बांध. तिकडचे बाकीचे बांध दोन्ही बाजूंनी कोरून कोरून इतके रोडावलेले की त्यांवर धड दोन पाय मावत नाहीत. हा एकटाच चांगला ऐसपैस, त्यावर बोरी, घाणेरी, वेली, दोन जांभळाची झाडं आणि पाखरांचा नुसता गलका. हाच एक बांध एवढा कसा राहिला, हे अनुजानं कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आबा पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून, काळी छत्री घेऊन निघाले. रानात पोचल्यावर डिकीतली घडीची खुर्ची बाभळीखाली मांडून ते छत्री उघडून बसले. "मी हितं न्हाय असं समजा," म्हणाले. ते समजणं अवघड होतं, कारण ते दर मिनिटाला खाकरत होते.

संयूनं चार खुंट्या ठोकल्या, त्यांना लाल फडकी बांधली आणि दर मीटरला गाठ मारलेली नायलॉनची दोरी ताणायला घेतली. अर्धा तास सगळं झकास चाललं. मग दोरी बोरीत अडकली, ती सोडवायला संयू वाकली आणि तशीच थांबली. पाच-पंचवीस काड्या कशातरी टाकलेल्या आणि त्यांच्यावर दोन पांढरी अंडी. होल्याचं घरटं. ती वहीत चित्र काढायला बसली.

"गणिताचा तास हाय का पाखरांचा?" बाभळीखालून आवाज आला. अनुजाचा धीर सुटत चालला.

तेवढ्यात केरबा आला. डावीकडचं रान त्याचं. लाल फडकी बघून तो लांबूनच पाय उचलत आला होता.

"काय चाललंय, पावणं?"

"मोजणी," संयूनं मान वर न करता सांगितलं.

केरबाचा चेहरा उतरला. त्या मुलखात मोजणी म्हटलं की एकच अर्थ. भाऊबंदकी कोर्टात पोचली की माणसं दोरी घेऊन येतात आणि जाताना कुणाचा तरी बांध सरकवून जातात.

"कुणी बोलावलं तुमाला?"

"कुणी बोलावलं नाही हो, दादा," अनुजा पुढं झाली. "सरकारी असलं काही नाही. आमचं आपलं घरगुती चाललंय."

"म्हंजे खाजगी मोजणी," केरबा म्हणाला. "पिराजीनं आणली. मला इचारलंबी न्हाय." आणि अनुजाचं पुढचं बोलणं न ऐकता तो तडक बाभळीकडे गेला. तिथं खुर्ची होती, छत्री होती आणि छत्रीखाली कपाळाला आठ्या घालून बसलेला माणूस होता. आता साहेब यापेक्षा वेगळा काय दिसणार?

"रामराम, सायेब."

रिटायर झाल्यापासून आबांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. 'मी साहेब नव्हे, मी या पोरीचा आजोबा' असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आबा म्हणाले, "रामराम. बसा."

केरबा मातीत बसला आणि त्यानं सगळं गाऱ्हाणं ओतलं. उजवीकडचं रान त्याच्या धाकट्या भावाचं, पिराजीचं. अकरा वर्षांपूर्वी या बांधावरून दोघांचं फाटलं. केस कोर्टात गेली, कोर्टानं 'जैसे थे' ठेवायला सांगितलं, म्हणजे निकाल लागेपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून बांधावर कोयता नाही आणि भावाभावांत शब्द नाही. आबा मान डोलवत होते. बांधावर एवढी झाडी कशी, याचं उत्तर अनुजाला आत्ता मिळालं.

केरबानं घरी फोन करून चहा मागवला. आपला भाऊ साहेबाच्या पायाशी बसलेला बघितल्यावर पिराजी कसला गप बसतोय? तो हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंढीच घेऊन आला. ते बघून केरबानं ताक मागवलं. पिराजीनं पेरू आणले.

"आबा, त्यांना खरं काय ते सांगा की," अनुजा हळूच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. भली माणसं हायती," आबा म्हणाले. तोंडात हरभरा होता.

ताकाची कळशी घेऊन या दोघांची आई, धोंडुबाई आली होती. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे असं म्हातारीचं चाललं होतं. ती बांधाच्या टोकाला टेकली. रस्त्यानं जाणारे पाच-सहा जणही काय चाललंय ते बघायला थांबले. संयूचं लक्ष मात्र वहीत होतं. दोन्ही रानांचं मोजून झाल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, "बांध कुणाच्यात धरायचा?"

"माझ्यात," दोन्ही भाऊ एकदम म्हणाले.

संयूनं जरा विचार केला. "मग मी त्याला तिसरं रान धरते. दोरी धरा जरा." केरबानं मुकाट्यानं दोरीचं टोक धरलं. तिनं लांबी घेतली, रुंदी घेतली, गुणाकार केला, उलटा करून ताळा बघितला. "साठ मीटर लांब, दीड मीटर रुंद. नव्वद चौरस मीटर. निम्मा-निम्मा केला तर प्रत्येकाला पाऊण मीटर रुंदीचा पट्टा. म्हणजे..." ती इकडे तिकडे बघायला लागली. मग आबांच्या हातातली छत्री तिनं मिटवून घेतली आणि दोरीला लावली. "आबांच्या छत्रीपेक्षा चार बोटं कमी."

धोंडुबाई म्हणाली, "एवढ्याशा छत्रीपायी अकरा वर्सं रं?"

बघे हसले. दोघं भाऊ खाली बघायला लागले, आणि ते बघून आबांच्या आतला हेडमास्तर जागा झाला.

"उभं ऱ्हावा दोघंबी." दोघं उभे राहिले. "एकमेकाकडं तोंड करा. हां. आता बोला."

पिराजीनं पायानं एक ढेकूळ फोडलं. "बरा हाईस न्हवं?" केरबानं विचारलं.

"हाय की," पिराजी म्हणाला. "तुझा गुडघा कसा हाय?"

धोंडुबाईनं पदर डोळ्यांना लावला. अनुजालाही भरून आलं. आबा संयूकडे बघत होते, आणि ती नजर बघून जूनचा प्रश्न सुटला असं अनुजाला वाटलं. खरं तर त्याच मिनिटाला गाडीत बसून निघायला हवं होतं. पण पेरू खायचे राहिले होते.

"आता ही रानटी झाडी कशाला ठेवायची?" केरबाला उत्साह आला. "केस काढून घेऊ. दोघं मिळून आजच बांध साफ करू या."

"तू तिकडनं ये, मी हिकडनं येतो," पिराजी म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. बघ्यांपैकी कुणीतरी लगोलग दोन कोयते आणून दिले.

"थांबा," संयू धावली. "बोरीत अंडी आहेत."

"होल्याचं काय, बाळ," पिराजी प्रेमानं म्हणाला. "कुठंबी चार काड्या टाकतंय आणि बसतंय."

"दादा, महिनाभर थांबलात तर..." अनुजा म्हणाली.

"ताई, सायेबांनी निकाल दिलाय," केरबानं हात जोडले आणि पहिली घाणेरी खाली पडली. सकाळपासून ती माणसं फक्त साहेबाचंच ऐकत होती.

संयू आबांजवळ गेली आणि त्यांची बाही धरून उभी राहिली. डोळे भरले होते. आबांनी आधी त्या दोघा भावांकडे बघितलं, मग बोरीकडे. त्यांच्या जिवाची फार ओढाताण झाली. बरोबर आलेल्या उत्तराला त्यांनी जन्मात कधी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी संयूच्या हातातली वही घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

"थांबवा ते," ते गरजले. "मोजणीत चूक हाय."

"नाही आबा," संयू रडणं विसरली. "मी ताळा केलाय."

"दोरी वली झाल्याली. वली दोरी आखडती."

"पण आबा, दोरी नाय..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण अनुजानं तिच्या तोंडात पेरूची फोड कोंबली.

"म्हयन्यानं फेरमोजणी. तवर जैसे थे. बांधाला जो कोयता लावंल, त्येचं रान कमी भरंल. सांगून ठेवतो."

कोयते खाली आले.

"तरी मी म्हणत हुतो," पिराजी म्हणाला. "दोरीचं टोक कुणी धरलंतं? ह्येनं."

"म्या धरलंतं, वली न्हवती केली. पाट तुझ्याच रानातनं जातोय."

"पाटानं तुझ्या पोटात का दुखतंय?"

आणि जे जुंपलं ते पाट, विहिरीची पाळी, आणि लग्नात न नेसवलेल्या साडीपर्यंत गेलं. आबांचं तोंड एवढंसं झालं. जोडलेलं आपणच मोडलं, हे त्यांना सहन होईना. ते धोंडुबाईजवळ जाऊन उभे राहिले. "बाई, मला माफ करा."

"कशापायी?" म्हातारी खुशीत होती. "अकरा वर्सं दोघं मुकी हुती. आज तोंडानं भांडत्यात की. भांडून दमली की दोघांस्नी एकाच ताटाम्होरं बसवती बघा."

निघताना केरबानं भांडण थांबवून साहेबांचा फोन नंबर घेतला, आणि पुन्हा भांडायला गेला.

गाडीत संयू वही उघडून बसली होती. कागल मागे पडल्यावर संयू म्हणाली, "आबा, दोरी नायलॉनची आहे. ती आखडत नाही."

"ठाऊक हाय."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?"

आबांनी काच खाली केली, वर केली. "त्येचा ताळा मला अजून जमंना झालाय," ते म्हणाले. "जमला की तुला सांगतो."

संध्याकाळी विश्वजित घरी आला, तो दबकतच. आबा सोफ्यावर, संयू शेजारी वही घेऊन. "मग काय ठरलं, आबा? जूनचं?"

आबा बोलणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. कागलकडचा कुणी दादासो होता आणि आवाज एवढा मोठा की स्वयंपाकघरात अनुजालाही ऐकू गेला. केरबाकडून नंबर मिळाला होता. त्याचाही बांधाचा वाद होता. साहेबांनी एकदा दोरी टाकावी, अशी विनंती होती. आता तरी आबा खरं सांगतील म्हणून अनुजा दारात येऊन उभी राहिली.

"किती वर्सं भांडताय?" आबांनी विचारलं.

"चौदा, सायेब."

"मंजी झाडी बरी असंल."

"झाडी? जंगलच झालंय, सायेब. मोरबी येत्यात."

आबांनी फोनवर हात ठेवला. "संयू, गुरुवारी मोकळी हाईस न्हवं?"

"आहे. पण आबा, मोजायचं खरं."

"मोजायचं खरंच. निकाल तेवढा लांबवू." आणि फोनमध्ये ते म्हणाले, "गुरुवारी येतो आमी दोघं. फेरमोजणी मातर जूनमदी हुईल."

"जूनमधी?" विश्वजित गोंधळला. "पण आबा, जूनला तर तिला शाळेत..."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे ते असंच बघायचे.

"आनी मोजणीला मी एकटा जाऊ व्हय?" ते म्हणाले, आणि दादासोला रस्ता विचारायला लागले.