चौथ्या जागेवर कोण?

"चौथ्या जागेवरील व्यक्तीने कृपया पट्टा बांधावा," आगीचा नवा बंब म्हणाला.

व्हर्नन झ्विकरने ब्रेकवरचा पाय न काढता आरशात पाहिलं. बंबाचा आवाज बाईचा होता, अगदी शांत, आणि त्या शांतपणाचाच त्याला राग येत होता. जुना बंब कसा, बिघडला की खोकायचा, शिंकायचा, धूर सोडायचा. काय दुखतंय ते कळायचं तरी.

"क्लॅरी, बांध की पट्टा!"

"बांधलाय. मी तिसऱ्या जागेवर आहे," मागून क्लॅरी बूटिलिये म्हणाला. हा एरवी शाळेची बस चालवायचा आणि दिवसभर पोरांवर ओरडून उरलेला आवाज गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी राखून ठेवायचा. "ती चौथ्याला सांगतेय."

"चौथा कोण?"

"अरे, मी तेच विचारतोय!"

व्हर्ननच्या शेजारी दलप्रमुख मरी वेंट्झल बसला होता. मरी विमा विकायचा. त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की त्याला आधी तिचा अपघात दिसे. त्याने वळून मागे पाहिलं, मग पुढच्या पडद्यावर पाहिलं. पडद्यावर चार माणसांची चार चित्रं होती. तीन हिरवी आणि व्हर्ननच्या बरोबर पाठीमागचं लालभडक.

"तिथे कोणीच नाही," मरी हळूच म्हणाला.

"चौथ्या जागेवरील व्यक्तीने कृपया पट्टा बांधावा."

पट्टा बांधल्याशिवाय बंबाचा हातब्रेक सुटत नव्हता. त्यांनी गादी पुसली, थोपटली, तिच्यावर दोन गुद्दे घातले. क्लॅरीने तर खाली वाकून "कोण आहे रे?" असंही विचारून पाहिलं. शेवटी वैतागून त्याने रिकाम्या गादीवरून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. लाल चित्र हिरवं झालं, ब्रेक सुटला आणि बंब मुकाट्याने चालू लागला.

"आता बघा," मरी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हा म्हणतोय, आत चार माणसं आहेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण चार हा आकडा समुद्रकाठच्या कॉर्कम कोव्ह गावाला फार जिव्हाळ्याचा होता. परगण्याच्या कचेरीने नवा बंब दिला तोच मुळी एका अटीवर. दिवसाच्या वेळी आग लागली तर बंबात निदान चार जण हवेत. बंब स्वतःच माणसं मोजतो आणि कचेरीला परस्पर कळवतो. चार जमत नसतील तर बंब जाणार डोंगरापलीकडच्या एर्न्स्ट हार्बर गावाला. तिथल्या दलात माणसं भरपूर आणि तोंडंही तेवढीच. आणि एकदा बंब तिकडे गेला की कोव्हमध्ये लागलेली आग विझवायला तो डोंगराला वळसा घालून यायचा. इथली घरं सगळी लाकडी. तोवर चुलीचं धुराडंसुद्धा वाट बघत थांबलं नसतं.

आणि दिवसा गावात असायचे किती? निम्मे पुरुष शेवंडं धरायला समुद्रावर, उरलेले नोकरीला शहरात. राहता राहिले हे तिघे.

"मला माहीत आहे तो कोण आहे ते," क्लॅरी अचानक म्हणाला. "ऑरेन."

ऑरेन कॉर्कम हा दलाचा जुना प्रमुख. म्हातारपणी प्रमुखपद सोडलं तरी बंब काही सुटला नाही. व्हर्ननच्या पाठीमागे बसून तो त्याच्या गाडी चालवण्यातल्या चुका काढायचा. नवा बंब येणार हे ऐकल्यावर भर सभेत उभा राहून ओरडला होता, "मेलो तरी त्या डब्यात बसणार नाही!" मागच्या पानगळीत तो वारला.

"पण तो तर म्हणाला होता, मेलो तरी बसणार नाही," मरी म्हणाला.

"ऑरेनने कधी आपला शब्द पाळलाय?" क्लॅरी म्हणाला. "माझी शिडी अजून त्याच्याच परसात आहे."

आता व्हर्नन हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. उलट कुठलीही वस्तू अशी का वागते ते उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायकोचा वजनकाटा दर वेळी जास्त वजन का दाखवतो म्हणून त्याने तो उघडला होता. काटा बरोबर निघाला आणि ही गोष्ट बायकोला सांगितल्यापासून घरात उघडायला त्याला काही मिळत नव्हतं. गादीखाली काहीतरी बिघडलंय हे त्याला पक्कं कळत होतं. काय, ते बघायला त्याची बोटं शिवशिवत होती.

ही बातमी दुकानात पोचली आणि तिथून ब्यूलामावशीकडे. ब्यूला कॉर्कम ही ऑरेनची बायको. अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी ती रबरी बूट घालून बंबखान्यासमोर हजर झाली.

"कुठाय तो?"

"मावशी, तसं काही नाही हो, वायरीचा काहीतरी..." व्हर्ननने सुरुवात केली.

"चालू कर बंब."

व्हर्ननने बंब चालू केला. "चौथ्या जागेवरील व्यक्तीने कृपया पट्टा बांधावा."

मावशीने दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून रिकाम्या गादीकडे पाहिलं.

"वा रे वा! स्वतः मेल्यावरसुद्धा आलास होय बसायला? आणि मला? मला एकदा तरी बसवलंस का रे? म्हणे, बाई बंबात बसली की पाइपाला गाठी पडतात! त्या गाठी सोडवून पाइप धुतले कोणी? तुझे भिजलेले बूट वाळवले कोणी? पहाटे परत आलात की माशांचं गरम चाउडर सूप तुमच्या आजीने केलं होतं का?"

क्लॅरी बंबावरच्या कुऱ्हाडी मोजू लागला. मरीने टोपी काढली. मग मावशीने वाकून पट्टा ओढला, मोठ्या माणसाच्या पोटाला बेताचा होईल इतपत सैल ठेवला आणि खटक्यात अडकवला.

"आता गप्प बसेल," ती म्हणाली आणि नाक पुसत निघून गेली. व्हर्ननला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. आगीची वर्दी देणारा पेजर वाजला की जो आधी पोचेल त्याने ऑरेनचा पट्टा बांधायचा. क्लॅरी तर "बसलात ना चीफ?" असं विचारून मगच स्वतः बसायचा. चर्चमागचं गवत पेटलं, डोरीबाईच्या घराचं धुराडं पेटलं, दोन्ही वेळा बंब चौघांना घेऊन गेला आणि तसं त्याने कचेरीला कळवलंही.

"आपण खोटं बोललेलो नाही," मरी स्वतःच्या मनाची समजूत घालायचा. "आपल्याला कोणी विचारलंच नाही. बंब म्हणतोय चार."

एका दुपारी व्हर्ननला अगदीच राहवेना. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो चौथ्या गादीखाली डोकं घालून बसला. दोन स्क्रू निघालेही. तेवढ्यात त्याच्या पायाला कोणीतरी धरून बाहेर ओढलं.

"काय करतोयस?" क्लॅरी म्हणाला.

"नुसतं बघतोय."

"तू कधी नुसतं बघितलंयस? तू बघणार, मग ते नीट करणार. मग आपण किती उरणार?"

"तीन."

"मग?"

व्हर्ननने दोन्ही स्क्रू परत बसवले. जन्मात पहिल्यांदाच एखादी वस्तू न उघडता तो घरी गेला आणि रात्री बायकोने विचारलं, "बरं नाही का?"

बर्फ वितळून चिखल वाळल्यावरचा एक रविवार बंबाच्या स्वागतासाठी ठरला. घोड्यांच्या काळापासून या भागात पद्धत आहे. नवा बंब पहिल्यांदा बंबखान्यात न्यायचा तो चालवत नाही, ढकलत. स्टिअरिंगवर एकटा माणूस आणि बाकी अख्खं गाव मागून हात लावतं. म्हणून बंब इतके दिवस पाहुण्यासारखा दाराच्या बाहेरच उभा होता. त्या दिवशी समुद्रावरचे, शहरातले, सगळे जमले. एर्न्स्ट हार्बरचा प्रमुखही आला, आपल्या होणाऱ्या बंबाभोवती दोनदा फिरला आणि ओटकेकची बिस्किटं खात उभा राहिला.

कचेरीतून लँगिल नावाच्या बाई तपासणीला आल्या होत्या. त्यांच्या खांद्याला दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी होती.

"कामाच्या दिवशी दुपारी जे बंबात असतात, तेवढेच बसा," त्या म्हणाल्या.

व्हर्नन बसला, मरी बसला, क्लॅरीने ऑरेनचा पट्टा बांधला आणि तोही बसला. पडद्यावर चार हिरवी चित्रं उमटली. लँगिलबाईंनी पडदा पाहिला, माणसं पाहिली, परत पडदा पाहिला.

"चौथे कोण?"

मरीने क्लॅरीकडे पाहिलं. क्लॅरी म्हणाला, "ऑरेन कॉर्कम."

"कुठे आहेत?"

"वारले."

"अच्छा," बाई म्हणाल्या, जणू ही रोजचीच गोष्ट. पिशवीतून पक्कड काढून त्या गादीखाली वाकल्या. "या खेपेच्या सगळ्याच गाड्यांत हा घोळ आहे. गादीवर माणूस आहे की नाही ते सांगणारी जोडणी दमट हवेत गंजते."

व्हर्नन मान लांब करून बघत होता. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते समोर होतं. नखाएवढा एक पांढरा तुकडा. बाईंनी तो काढला, पुसला आणि परत दाबून बसवला. एवढंच? व्हर्ननला वाटलं, बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

पडद्यावर आता तीन चित्रं होती.

"तीन," लँगिलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर वाईट वाटल्यासारखं होतं. "दुपारी मोकळं असणारं आणखी कोणी?"

गर्दीतल्या प्रत्येक पुरुषाला एकाएकी आपले बूट बघण्यासारखे वाटू लागले. एर्न्स्ट हार्बरच्या प्रमुखाने हातावरचे चुरे झटकले.

"मग नियमाप्रमाणे सोमवारी गाडी..." बाई बोलत होत्या. पण पट्टा अजून बांधलेलाच होता आणि आता बंबाची शुद्ध ठिकाणावर आली होती.

"चौथ्या जागेवर कोणीही नाही," बंब म्हणाला. दारं सताड उघडी होती. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचले. "कृपया पट्टा सोडावा. चौथ्या जागेवर कोणीही नाही."

सगळ्यांनी ब्यूलामावशीकडे पाहिलं. ती ओटकेकचा ट्रे धरून उभी होती.

क्लॅरी धडपडत खटका शोधू लागला. "गप गं बाई," तो बंबाला म्हणाला, "गप!"

"चौथ्या जागेवर कोणीही..."

"ऐकलं!" मावशी म्हणाली. "बहिरी नाहीये मी."

तिने ट्रे लँगिलबाईंच्या हातात दिला आणि बंबाकडे आली. पायरी उंच होती. व्हर्ननने हात पुढे केला, त्यावर तिने चापट मारली आणि स्वतःच वर चढली. पट्टा सोडला. चौथ्या जागेवर टेकली. मग पट्टा परत ओढला. तो तिला फार मोठा होत होता, तो तिने ओढून घट्ट केला आणि खटका लावला.

बंब गप्प झाला. पडद्यावर चौथं चित्र हिरवं उमटलं.

"बाई," ट्रे सांभाळत लँगिलबाई म्हणाल्या, "तुम्ही दलाच्या सदस्य आहात?"

"मी रोज दुपारी घरी असते. ऑरेनचा पेजर घरीच आहे, यांच्याआधी मला ऐकू येतो. पाइप कुठला गळतो ते मला माहीत आहे, यांना नाही. आणखी काय लागतं सदस्याला?"

"सदस्यांचं मत लागतं," मरी घाईघाईने म्हणाला. "ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा!"

सगळे हात वर गेले. एर्न्स्ट हार्बरच्या प्रमुखाचाही गेला. त्याचं लक्ष ट्रेकडे होतं, त्याला वाटलं आणखी ओटकेक कोणाला हवेत असं विचारताहेत.

लँगिलबाईंना हसू आवरेना. "शिकून घ्यावं लागेल सगळं. वर्ग बुधवारी असतात."

"बुधवारी मी ब्रेड भाजते. गुरुवारी येईन."

"बरं, गुरुवारी," बाई म्हणाल्या. बंब राहिला. क्लॅरीने टोपी आभाळात उडवली, मरीने चक्क कोणालातरी मिठी मारली, आणि व्हर्नन उगाच आरसा पुसू लागला.

"चला, ढकलायला घ्या!" मरी ओरडला. "मावशी, उतरा आता. आत एकट्या व्हर्ननने बसायचं असतं. बाकी सगळ्यांनी मागून हात लावायचा, तशी पद्धत आहे."

ब्यूलामावशीने खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून जमलेल्या गावाकडे पाहिलं.

"लग्न झाल्यापासून या दलाला मागून मीच ढकलतेय," ती म्हणाली. "आज तुम्ही ढकला."