मीराबाईंचं अंदमान

स्वप्नीलने पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला आणि जाहीर केलं, "यंदाच्या रजेत गाव कॅन्सल. आपण चाललो अंदमानला!"

डिलाईल रोडच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढी शांतता गेल्या तीस वर्षांत पसरली नव्हती. स्वप्नीलने तीन रकाने आखले होते. प्राणी, संस्कृती आणि निसर्ग. प्राणी त्याच्यासाठी, कारण त्याला समुद्रगाय बघायची होती. संस्कृती त्याच्या बायकोसाठी, दर्शनासाठी. संस्कृती म्हणजे जिच्यापुढे पैठणी नेसून फोटो काढता येतो ती. निसर्ग वडिलांच्या वाट्याला आला.

"नारळाची झाडं असतील ना रे तिथे?" गुणाजींनी विचारलं.

"पप्पा, लाखांनी!"

"मग आपल्या गावची काय वाईट होती?"

"आई, तुला काय बघायचंय?" दर्शनाने सासूला विचारलं.

मीराबाई भाकरी थापत होत्या. "मला कायपण बघायचं नाय. मला एका खुर्चीत बसवा आणि आठ दिवस माझ्याकडे कोणी चहा मागू नका."

सगळे हसले. मीराबाई हसल्या नाहीत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि प्रत्येक रजा गावच्या चुलीपुढे गेली होती. गणपतीत मोदक, शिमग्यात पालखीसोबत येणाऱ्यांना वडे, मे महिन्यात अख्ख्या मुंबईच्या पाहुण्यांना फणसाची भाजी. बाईंनी कोकणचा समुद्र पाहिला होता, पण एसटीच्या खिडकीतून.

"सगळं ठीक आहे," गुणाजी म्हणाले, "पण समुद्र ओलांडायचा तर देवाचा कौल घ्यायला पाहिजे."

गावच्या देवळात रघु गुरव असे. तो देवाच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारी. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आता जमाना व्हिडिओ कॉलचा. रविवारी सकाळी रघु देवापुढे आणि गुणाजींचं कुटुंब टीव्हीपुढे बसलं. शेजारचा वसंत बिऱ्हाडासकट दारात उभा राहिला. कौल म्हटल्यावर चाळीत कोण घरात बसणार?

त्याआधी आठवडाभर घरातल्या तिघांनी रघुला गुपचूप फोन केले होते. स्वप्नीलने सांगितलं, देवाला प्राण्यांचं बघायला सांग, तुला दुर्बीण आणतो. दर्शनाने सांगितलं, संस्कृतीचे दिवस वाढव, तुझ्या बायकोला मोत्यांची माळ आणते. गुणाजींनी सांगितलं, विमान टाळता आलं तर बघ, बोटीने गेलो तर तुला धोतरजोडी. तिघंही गॅलरीत उभे राहून कुजबुजले होते, आणि गॅलरीची खिडकी मीराबाईंच्या ओट्यावरच उघडत होती.

"बा देवा म्हाराजाऽ!" रघुने गाऱ्हाणं घातलं. "ह्यो तुजो गुणाजी अंदमानाक जावक बगता हा. त्येच्या झिलाक समुद्रगाय दिसांदे, सुनेचे फोटो बरे येवंदे, विमान येळेर सुटांदे!"

"होय म्हाराजाऽ!" वसंतासकट पंधरा गळे ओरडले. करी रोडच्या टॉवरमध्ये तेराव्या मजल्यावर झोपलेला माणूस दचकून 'होय' म्हणाला असं सांगतात.

उजवी पाकळी पडली. टाळ्या झाल्या. पण रघु हलेना.

"गुणाजीनू, देवाच्या मनात अजून कायतरी आसा. सोबत देवाचो माणूस होयो म्हणता."

"कोण माणूस?"

"आता माज्याच तोंडान कसा सांगू?"

असे रघु आणि त्याची बायको राधा यादीत आले. त्यावर वसंत म्हणाला, "होय म्हाराजा आम्हीपण बोललोय. देवाने ऐकलंय. आता मागे कसं हटणार?" त्याचं पाच जणांचं बिऱ्हाडही आलं. एकूण अकरा!

"अकरा माणसं हॉटेलात कशाला?" वसंतने तोडगा काढला. "किचनवालं घर घेऊ. मीरावैनी हायत ना!"

मग कोकमं निघाली, मालवणी मसाला निघाला, चार किलो उकडे तांदूळ निघाले. राधाने फोनवर सांगितलं की ती सुका जवळा आणतेय. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर सुकी मासळी नेणारी ही जगातली पहिलीच मंडळी असावी.

स्वप्नीलने नवा तक्ता चिकटवला. मीराबाईंनी चष्मा लावून वाचला. पहाटे पाच, पक्षी बघायला निघण्याआधी चहा : आई. आठ वाजता पोहे : आई. संध्याकाळी सूर्यास्त बघून आल्यावर भजी : आई. आईचं नाव पंचवीस ठिकाणी होतं. सूर्यास्त बघणाऱ्यांत मात्र नव्हतं.

दुपारी मीराबाईंनी स्वतः गॅलरीत जाऊन फोन लावला.

"रघु, दुर्बीण तुला, माळ राधाला, धोतरजोडीपण तुलाच. बरोबर ना?"

पलीकडे रघुने देवळाचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"वैनीनू… तुमका काय होया?"

पुढच्या रविवारी पुन्हा कौल लागला. रघुने विचारलं, "बा देवा म्हाराजाऽ, सगळे गेले तर घरच्या देवाकडे दिवो कोण—" प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी अशी पडली, जणू तिलाच घाई होती.

"घरची थोरली बाई," रघु खाली मान घालून म्हणाला.

"म्हणजे आई येणार नाही?" स्वप्नील ओरडला.

"मग चहा कोण करणार?" गुणाजींनी विचारलं.

"देवापुढे माझं काय चालतंय?" म्हणत मीराबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तो तोंडावरच बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. दर्शनाने प्रेमाने पाठीवरून हात फिरवला.

आठ दिवसांनी दहा जण परतले. गुणाजींच्या अंगठ्याला कांदे चिरून पट्टी लागली होती. पोह्यांत मीठ कोणी दोनदा घातलं यावरून वसंत आणि रघु बोलत नव्हते. दर्शनाची पैठणी हळदीने माखली होती. समुद्रगाय दिसली होती, पण तेव्हा स्वप्नील भांडी घासत होता.

मीराबाई मात्र गालांनी चांगल्या भरल्या होत्या.

"आई, पुढच्या वेळी तुझ्याशिवाय कुठेच नाही!" स्वप्नील बॅग टाकत म्हणाला. "वाटल्यास आपण गावाला जाऊ."

"छे रे, गाव कसलं? तुमचं वय आहे जग बघायचं." मीराबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "मी चौकशी करून ठेवलीय. लक्षद्वीपला म्हणे कासवं लय मोठी असतात. पण बाबा, एवढं लांब जायचं तर पंधरा दिवस तरी काढा."