सबनीसकाका आणि सापडलेलं तेल

सबनीसकाका कुणाच्याही घरी आले की बूट काढायच्या आधी खोली तापवणाऱ्या रेडिएटरला हात लावतात. तो गरम लागला की यजमानाची धडगत नसते. "तेल सापडलं वाटतं!" म्हणतात आणि स्वतःच तो बंद करतात. मग आम्ही सगळे कोट घालून चहा पितो.

काकांची उमेदीची वर्षं आखातातल्या तेल कंपनीत गेली. आता ते इथे आर्नहेमला एका ऊर्जा कंपनीचे सल्लागार आहेत. म्हणजे पैसे कंपनी देते आणि सल्ला आम्हाला मिळतो. "तेल सापडलं ना, की त्या देशात शेती मरते, कारखाने मरतात. राजा कर मागत नाही, म्हणून प्रजा जाब विचारत नाही. सगळं बाहेरून विकत!" या आजाराला म्हणे याच देशाचं नाव आहे. इथे उत्तरेला गॅस सापडला आणि बाकीचे धंदे खंगले, तो 'डच डिसीज'. काका हे अशा थाटात सांगतात, जणू रोग त्यांनीच शोधलाय. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी हे केक कापायच्या आधी सांगितलं. मेणबत्त्या संपल्या, मुद्दे संपले नाहीत. सबनीसकाकू अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसतात.

परवा दोघं आमच्याकडे जेवायला आले. मला नुकतीच बढती मिळाली होती. माझी बायको मेधा इथल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवते. दिवाळीच्या आधी आमच्या सोफ्यावर माणसाला जागा नसते. मी ऐटीत म्हणालो, "आता हिला सांगतोय, शिवण बंद कर. गरज काय?"

मेधाने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे पापड मोडायला घेतला. आता 'तेल सापडलं' ऐकावं लागणार, अशी माझी तयारी होती. पण काकांनी काकूंकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. काकू कोशिंबीर नुसती चिवडत राहिल्या.

निघताना काकू पुढे गेल्यावर काका जिन्यात थांबले.

"अरे, हेच वाक्य मी आखातातून फोनवर बोललो होतो. सांगलीत हिचा शिवणाचा क्लास होता, मुलींना जागा पुरायची नाही. माझा पगार वाढला आणि म्हटलं, बंद कर, गरज काय? हिने केला. इथे आल्यावर नवीन मशीन आणून दिलं, तर त्यावर कुंडी ठेवलीय." चष्मा पुसत म्हणाले, "मी मुद्दाम शर्ट उसवून ठेवतो रे. ती हातानेच टाके घालते."

मला फार वाईट वाटलं. वर येऊन मी सगळं मेधाला सांगितलं.

रविवारी मेधाने दोघांना चहाला बोलावलं आणि काकूंपुढे एक ब्लाउज टाकला. "काकू, बाही बसतच नाहीये हो. उद्या द्यायचाय."

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "अगं, डावी बाही उजवीकडे लावलीयस!" म्हणत उसवायला घेतला आणि उसवता उसवता आतल्या खोलीत मशीनवर जाऊन बसल्या.

मशीनचा आवाज आला तसे काका उठले. त्या खोलीतल्या रेडिएटरला त्यांनी हात लावला. मी सवयीने कोट शोधू लागलो.

काकांनी बटण फिरवलं, ते पार शेवटपर्यंत, वाढवायच्या बाजूला.

"थंडीत हिची बोटं आखडतात रे," ते हळूच म्हणाले.